एका डोळ्याचा टाक

१

सकाळचा चहा झाला की मी परसातल्या भिंतीपाशी जाते. आमच्या आणि द्वारका अक्काच्या घरात एकच भिंत, तीही छातीएवढी. भोकरदनला आमच्या आळीत लोक मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. कुणाकडं पाहुणे आले, कुणाच्या घरी काय शिजलं, नंदाबाईला आधी कळतं म्हणतात. कळतंच. पण कुणाच्या घरी आजारपण निघालं तर पेज घेऊन पहिली मीच जाते, तेही म्हणावं की.

अक्काच्या सुनेला, मीनाला, मुलगा झाला. पहिलं बाळंतपण जाफराबादला माहेरी व्हायचं, पण तिच्या आईचा पाय मोडला म्हणून सासरीच झालं. लेकराला न्हाऊ घालायचं काम माझ्याकडं आलं. म्हणजे मीच ओढून घेतलं. आळीतली निम्मी पोरं माझ्या नडग्यांवर न्हालेली आहेत.

मीना दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी भिंतीपलीकडून हाक आली.

"नंदे, जल्दी ये! आमचा मूळ पुरुष आला!"

"कुठल्या गाडीनं?" मी विचारलं.

"हास तू. आधी बघ तरी."

नवीन न्हाणीघरासाठी अक्काच्या मुलानं, मच्छिंद्रनं, परसात पाया खणायला घेतला होता. त्यात ते निघालं होतं. तांब्याचा जाड तुकडा, जुन्या रुपयाएवढा, वरच्या कडेला भोक पाडलेला. एका बाजूला पक्षी, छाती काढून उभा. दुसऱ्या बाजूला माणसाचं तोंड. जाड मान, सरळ नाक, डोक्याभोवती पानं गुंडाळलेली आणि त्यांच्या दोऱ्याची टोकं मानेवर लोंबलेली. भोवती कसली तरी अक्षरं.

"ह्या बघ मुंडावळ्या," अक्कानं त्या दोऱ्यांवर बोट ठेवलं. "नवरदेवाच्या रूपातला टाक हाय. सासूबाई सांगायच्या, भावकीच्या वाटणीत मूळ पुरुषाचा टाक हरवला म्हणून. नातू झाला आन् तो आपसूक वर आला. आता बारशाला लेकराच्या गळ्यात बांधायचा."

आमच्याकडं घरोघरी टाक असतात. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला कुळातल्या देवाचा नाहीतर पूर्वजाचा चेहरा. ते कसे दिसतात ते मला चांगलं माहीत आहे.

"अक्का, पण टाकातला देव समोर बघतो ओ. आपल्याकडं बघतो, तवाच तर आपण हात जोडतो. ह्यो तर भलतीकडंच बघून राह्यला. एकच डोळा हाय."

"मोठी माणसं कुणाकडं बघत न्हाईत, नंदे. त्यांच्याकडं बघावं लागतं."

तेव्हा ती हसून म्हणाली होती. मच्छिंद्रही हसला होता.

२

लेकरू नडग्यांवर घेतलं की आधी टाळूवर तेल थापायचं. मग छाती, मग हातपाय. शेवटी मान या खांद्यावरून त्या खांद्यावर अलगद फिरवायची, म्हणजे डोकं गोल होतं.

त्याची मान डाव्या खांद्यावर वळलेली होती. मी ती उजवीकडं आणली आणि हात काढला. मान परत डावीकडं गेली.

तान्ह्या लेकराला कुठला आला जोर? पण ती जोरानं गेलीच नाही. सावकाश गेली. उतारावर ठेवलेली वाटी जिकडं जायची तिकडंच जावी, तशी. मी पुन्हा वळवली. पुन्हा गेली. पाणी अंगावर पडताना पोरगं कोकलत होतं, हातपाय झाडत होतं, पण तोंडाचं एकच अंग माझ्याकडं, उजवं.

"मीने, एकाच कुशीवर पाजतीस काय गं?"

"न्हाई ओ मावशी. दोन्हीकडून पाजते. तुमचा लाडका दोन्हीकडं सारखाच तोडतो."

होतं काही लेकरांचं असं. मी राईची उशी शिवून दिली, मान सरळ राहावी म्हणून. दुसऱ्या दिवशी ती उशी न्हाणीघराच्या दारात पडलेली, फाटलेली, आणि राई पायानं चिरडलेली. उंदीर असेल म्हटलं. उंदीर चिरडत नाहीत, हे घरी आल्यावर सुचलं.

त्याच सकाळी मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. ठक्क. एकच. लोखंडावर लोखंड घालावं, पण मध्ये काहीतरी मऊ असावं, असा. आतल्या देवघरातून.

"मच्छिंद्र काय ठोकून राह्यला सकाळी सकाळी?"

"हे तर जीप घेऊन कवाच गेले," मीना म्हणाली. बोलताना ती दाराकडं बघत होती.

मी ओले हात पुसत देवघरात डोकावले. अक्का देव पुसत होती. मधल्या जागेवर तो तांब्याचा तुकडा उभा केला होता आणि बाकीचे टाक त्याच्या मागं सरकवले होते. सगळ्यांची तोंडं एका बाजूला, भिंतीकडं. रांगणारा बाळकृष्णसुद्धा भिंतीकडं.

"अक्का, देव तिरपे का ठेवले?"

"तुला काय करायचंय?"

इतक्या वर्षांत अक्का मला असं कधी बोलली नव्हती. भांडली होती, शिव्या घातल्या होत्या, एकदा माझ्या कोंबडीवर चप्पल फेकली होती. पण त्या प्रत्येक वेळी ती माझ्याकडं बघून बोलली होती.

३

मला राहवेना. मागच्या आळीत साहेबराव गुरुजी राहतात. शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. गुरुजी बौद्ध, देवापुढं हात जोडत नाहीत आणि अक्कानं कधी जोडा म्हटलंही नाही. संक्रांतीचा तिळगूळ मात्र या घरातून त्या घरात न चुकता जायचा. त्यांना मी लेकरू बघायच्या निमित्तानं घेऊन आले.

देवघराच्या उंबऱ्याशी बसून गुरुजींनी तुकडा तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर सारला.

"द्वारकाबाई, हे नाणं हाय. रोमच्या बादशहाचं. बरंच जुनं, तांबं दोन लोखंडी ठशांमध्ये धरून एका घावात उठवलेलं. इथं टेकाडावर पूर्वी शिकलेली माणसं खणायला आल्ती, त्यांनाही समुद्रापारच्या चिजा घावल्या होत्या. पण हे खुद्द रोममधलं न्हाई. अक्षरं ग्रीक वाटतात. त्यांच्या ताब्यातल्या एखाद्या मुलखातलं असंल, मिसरकडचं, म्हणजे इजिप्तचं. बादशहा तिथं कधी गेलासुद्धा नसंल."

"मंग त्याचं तोंड कसं?" मी विचारलं.

"म्हणूनच तोंड. माणूस जाऊ शकत न्हाई तिथं नाणं जातं. बाजारात गेलं, हातात गेलं, घरात गेलं."

"इथल्या बाजारात चालायचं का हे?"

"तांब्याचं हाय. इथं त्याचं मोल तांब्याएवढंच."

"मंग भोक पाडून गळ्यात का घातलं असंल कुणी?"

गुरुजींनी नाणं तोंडाच्या बाजूला वळवलं. "ज्याला कधी बघितलं न्हाई, त्याचं तोंड रोज समोर आलं की सवय लागत असंल."

"कसली?"

"ऐकायची."

अक्का दाराच्या चौकटीत उभी होती. आडवी. उजवा गाल आमच्याकडं, नजर समोरच्या रिकाम्या भिंतीवर. पदर डाव्या बाजूनं पुढं ओढलेला.

"गुरुजी, झालं असंल तर निघा. आमच्या मूळ पुरुषाचा बाजार मांडायला तुम्हाला बोलावलं न्हवतं."

गुरुजींचं तोंड पडलं. नाणं परत ठेवून ते उठले. आणि देवघरातून बाहेर पडताना त्यांनी मान खाली घातली. हनुवटी छातीला लागेपर्यंत. मान तशीच ठेवून, दोन्ही हात पोटाशी धरून ते क्षणभर थांबले, मग निघाले.

आळीत आल्यावर मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "त्यांची चौकट फार ठेंगणी हाय, न्हाई?"

"हो ना," मी म्हटलं.

चौकट ठेंगणी नाही. मच्छिंद्र ताठ मानेनं आत जातो, आणि गुरुजी त्याच्या खांद्याला लागतात. गुरुजी मग आमच्या आळीत आलेच नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

४

अक्का भिंतीपाशी येते अजून. मी उजवीकडं सरकले की ती वळते. डावीकडं सरकले की वळते. फणीनं भांग पाडल्यासारखी, नेमकी तेवढीच. तिचा उजवा गाल, उजवा डोळा, आणि तो डोळा माझ्यावर नसतोच. मी काही विचारलं तर उत्तर येतं, पण मला नव्हे. कुणाला तरी उभ्या उभ्या बजावावं तसं. "पाणी जास्त गरम करू नको. लेकराची मान वळवू नको. जास्त वेळ बसू नको."

आणि मी "हो" म्हणते. घरी आल्यावर माझा राग उसळतो. तिथं असताना येत नाही.

एकदा ओसरीवर अक्काच्या मालकांच्या फोटोकडं लक्ष गेलं. फेटा, हार, आणि उजवा गाल दाखवून बसलेले. फोटो आधीपासूनच तसा असेल. मी तो रोज बघते, पण रोज बघितलेली गोष्ट नीट कोण बघतं? माझ्या मनात तर त्यांचे दोन्ही डोळे आहेत, मिचकवायच्या बेतातले. आमच्या ह्यांना विचारलं.

"ओ, अक्काच्या मालकांचा फोटो समोरून काढलेला होता ना?"

"लोकांच्या घरातले जिवंत कमी पडले का तुला?" हे म्हणाले. "मेलेले तरी सोड."

मग मी स्टँडवर गेले, भाजीच्या निमित्तानं. मच्छिंद्र म्हणजे जीपवाल्यांतला सगळ्यात मोठा गळा. "जाफराबाद, जाफराबाद, बसा आजी, उभ्यानं म्हाताऱ्या व्हाल!" असं ओरडायचा तो. आता जीपला टेकून गप्प उभा होता, तोंड रस्त्यापलीकडच्या कपाशीकडं. हाका मारत नव्हता. तरी दुसऱ्यांच्या जीपा रिकाम्या आणि याची भरलेली. माणसं येत होती, वाकून आत शिरत होती. भाड्यावरून घासाघीस नाही. आठ आण्यांसाठी भांडण उकरणारी आमच्या ओळखीची एक म्हातारी पदराची गाठ सोडून पैसे दोन्ही हातांनी पुढं धरून उभी होती, आणि मच्छिंद्र ते बघतही नव्हता.

"मच्छिंद्रा, मान आखडली का रे बाबा? तेल चोळून देऊ?"

तो हसला नाही. "मावशी, रस्त्यातून बाजूला व्हा."

मी रस्त्यात नव्हते. तरी झाले.

५

बारसं उद्यावर आलं होतं. सकाळी मी लेकराला पुसत होते, मीना बाजेवर बसली होती, खाली शेगडी. तिनं एकदम माझं मनगट धरलं.

"मावशी, त्याच्या गळ्यात तो बांधू देऊ नका. मला माझ्या आईकडं न्या. आई आता काठी घेऊन चालते, तिचं होईल समदं."

"अगं, घाबरायला काय झालं?"

"माझ्याकडं बघा."

मी बघितलं. ती माझ्याकडं सरळ बघत होती, दोन्ही डोळ्यांनी. पण तिच्या मानेच्या शिरा तटतटून वर आल्या होत्या, कपाळावर घाम होता, आणि हनुवटी थरथरत होती. भरलेली घागर एका हातानं उचलून धरावी तशी तिनं मान सरळ धरली होती.

"मला तुमच्याकडं बघायला आता जोर लावावा लागून राह्यला, मावशी. ह्याच्या गळ्यात तो एकदा बांधला तर माझं लेकरू माझ्याकडं कधीच बघणार न्हाई."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "उद्याच्या उद्या पाठवते तुला. नंदाबाईनं मनात घेतलं तर काय न्हाई होत?"

दुपारी मी अक्काकडं गेले, भांडायच्या तयारीनं. ती देवघरात होती. खिडकी बंद, निरांजन नाही, तरी तांब्यावर उजेड होता. खोलीत तेलाचा, उदबत्तीचा वास यायचा, तो गेला होता. ओल्या मातीचा आणि चिल्लर हातात धरून ठेवल्यावर तळव्याला येतो तसा वास.

"अक्का, बारसं मीनाच्या माहेरी करू. रीत तीच हाय. तिची आई वाट बघून राह्यली."

अक्का पाठमोरी होती. मी बोलत राहिले. बोलता बोलता लक्षात आलं, माझे हात छातीशी जोडलेले आहेत. मी ते खाली घेतले. जरा वेळानं बघितलं तर पुन्हा जोडलेले.

ठक्क.

आवाज खोलीतच झाला. अक्काचे दोन्ही हात मांडीवर होते. तिसरं कुणी नव्हतं. फक्त देवापुढचा पाण्याचा तांब्या थोडा हलला आणि थांबला. तो नीट ठेवायला अक्का वाकली, आणि तिचा पदर डाव्या बाजूनं सुटला.

मी जे बघितलं ते अंधारात बघितलं, हे आधी सांगते. तिचा डावा कान जागेवर होता. कानातली कुडी होती. कुडीच्या पुढं गाल होता. पण डोळा असायचा तिथं गुळगुळीत होतं. जखम नव्हती, खड्डा नव्हता. फार जणांच्या अंगठ्याखालून गेलेली वस्तू झिजते, तसं झिजलेलं. नाकाचा उंचवटासुद्धा त्या बाजूनं पुसट झाला होता.

तिनं पदर ओढून घेतला.

"जाऊ दे मीनाला," ती म्हणाली. "उद्या सकाळी मच्छिंद्र सोडून येईल. लेकराला बराबर घेऊन जा म्हणावं."

भांडण झालंच नाही. मी इतकी मोकळी झाले की टाकाचं काय, हे विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर त्या खोलीत मला एक शब्दही जास्त बोलवत नव्हता. मी मागं मागं सरकत बाहेर आले. पाठ करून यायचं धाडस झालं नाही.

६

सकाळी मीना तयार होती. मी डिंकाचे लाडू बांधून दिले, लेकराच्या अंगाला तेल लावलं, कपाळाच्या कडेला काजळाचा ठिपका लावला. देवघराचं दार लावलेलं होतं. असू दे म्हटलं, त्याचं तो आत बसू दे. अक्का कुठं दिसली नाही.

जीप आळीच्या तोंडाशी उभी होती. मागं स्टँडवरची माणसं आधीच भरलेली. मी मीनाला पुढच्या सीटवर बसवलं, लेकरू तिच्या मांडीत दिलं, शालीचं टोक नीट खोचलं.

"पोहोचलीस की फोन कर. आन् आईला सांग, मान रोज दोन्हीकडं फिरवा म्हणावं."

मीना हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "मावशी, तुमच्यामुळं सुटले बघा."

मी दार लोटलं आणि टाटा करायला जीपच्या समोर जाऊन उभी राहिले.

समोरून काचेतलं सगळं दिसतं. आरशाखाली मच्छिंद्र लिंबू-मिरची टांगायचा. आज तिथं काळ्या दोऱ्यात ते नाणं टांगलेलं होतं. लेकराच्या डोक्यावर वीतभर. जीप थरथरत होती, पण ते हलत नव्हतं. एक अंग माझ्याकडं करून स्थिर.

मच्छिंद्रनं गिअर टाकला. त्याचं तोंड डावीकडं होतं, बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडं. रस्त्याकडं नव्हतं. त्याच्या मागं माणसांची रांग, बाया, बापे, मांडीवर पिशव्या. सगळ्यांचे उजवे गाल. एवढ्या माणसांत एकच चेहरा सरळ होता, मीनाचा. ती माझ्याकडं बघत होती आणि लेकराचा हात धरून मला टाटा करवत होती. तिनं वर बघितलंच नव्हतं.

मला ओरडायचं होतं. बॉनेटवर दोन्ही हात ठेवून आडवं व्हायचं होतं. ते मी मनात केलंही. अंगानं मात्र मी बाजूला झाले होते. मान खाली, नजर मातीवर. जीपची सावली माझ्या पायांवरून गेली. मान वर उचलता आली तेव्हा ती जाफराबादच्या रस्त्याला लागली होती. वळणावर खड्डा आहे, तो मच्छिंद्रनं न बघता चुकवला.

मी तिथंच खाली बसले. मीनाला फोन लावायला मोबाइल काढला, पण नाव सापडेना.

"नंदे! अशी रस्त्यात काय बसलीस गं भवाने?"

अक्का दारात उभी होती. केस मोकळे, पदर खांद्यावर पडलेला, तोंड उन्हात. दोन्ही गाल. दोन्ही डोळे, झोपेतून उठल्यासारखे सुजलेले, आणि दोन्ही माझ्यावर. ती माझ्याकडं बघत होती, माझी अक्का, थेट माझ्याकडं. मला रडूच आलं.

"अगं, रडतीस काय? पाणी कवाचं तापलंय," ती म्हणाली. "आज बारसं ना आपलं? माझं लेकरू कुठाय?"